कोरड पडण्यापूर्वी

वेरूळ ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे तीस किलोमीटरांचे. लेणी पाहण्यास आलेल्या यात्रेकरूस ते एकदाच कापावे लागते. ज्याला घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार सांगितले आहेत, त्याला मात्र ते सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज जाऊन-येऊन कापावे लागते. वेरूळचा घाट चढून खुलताबाद, पुढे दौलताबादचा घाट उतरून किल्ल्याच्या पायथ्याने शहर, आणि परतताना तीच वाट उलट. पस्तीस खेपांचे मिळून दोन हजारांहून अधिक किलोमीटर होतात. प्रत्यक्ष यंत्राखालचा वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांचा. या दहा-पंधरा मिनिटांत गळ्यातील गाठीवर काय परिणाम होतो, याविषयी घरातील प्रत्येक जण विचारतो. कानापुढील आणि जबड्याखालील लालाग्रंथींचे काय होते, हे बहुधा कोणीच विचारीत नाही.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. लेण्यांच्या रस्त्यालगत किराणा दुकान चालविणारे साठीचे एक श्रावक आहेत. गल्ल्यावर बसल्या बसल्या तंबाखू-सुपारीचा तोबरा भरण्याची सवय विशीत लागलेली. तीन महिने आवाज जड, गिळताना कानात कळ, आणि मग जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार व त्यासोबत आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, असा बेत सांगितला. उदाहरण कल्पित आहे. परंतु मराठवाड्यातील कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या बाकावर अर्धा तास बसणाऱ्यास त्यातील एकही तपशील अपरिचित वाटणार नाही. मुलाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले: बाबूजी बरे होतील ना, किती दिवस लागतील, आणि खर्च किती? तिन्ही प्रश्न रास्त होते. चौथा प्रश्न सुचला तो पाचव्या आठवड्यात, जेव्हा बाबूजींना ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात फिरविता येईना. तोवर त्या प्रश्नाचे उत्तर देऊन झालेले होते. ते यंत्राने दिले होते.

लाळ ही गोष्ट सुसंस्कृत माणसाने बोलू नये अशा वर्गातील मानली जाते. लहान मुलाच्या हनुवटीवर ओघळली की पुसायची, एवढाच तिचा घरातला उल्लेख. वास्तविक निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिचा नव्याण्णव टक्के भाग पाणीच. उरलेल्या एका टक्क्यात पिष्टाचे पचन सुरू करणारे द्रव्य, आम्ल निवविणारे क्षार, जंतूंना आवर घालणारी प्रथिने आणि घास निसटता करणारा बुळबुळीत अंश असतो. चव लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाही. दातांचे कवच लाळेच्या क्षारांवर टिकते. रात्री झोपेत जीभ टाळूला चिकटत नाही, प्रवचनात तासभर बोलता येते, स्तवन म्हणता येते, हे सारे तिच्याच जोरावर. कोरडा खाकरा चावून खाणे ही जैन घरातील रोजची, विचारही न करता होणारी क्रिया; लाळ नसेल तर तोच खाकरा तोंडात भुशासारखा पसरतो आणि घशाखाली उतरत नाही.

मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे व जबड्याच्या मागच्या कडेला बिलगून असलेली सर्वांत मोठी; जेवताना सुटणारी पातळ लाळ मुख्यत्वे तिची. जबड्याखालची दुसरी, एरवी, विशेषतः रात्री, तोंड ओलसर ठेवणारी लाळ बहुतांशी तिच्याकडून येते. तिसरी, लहान, जिभेखाली. घशाचा कर्करोग मानेच्या वरच्या भागातील ज्या लसिकाग्रंथींत पसरतो, त्या नेमक्या पहिल्या दोन जोड्यांच्या शेजारी. गाठ व मान यांना मिळून किरणांची मात्रा द्यायची, आणि शेजारची ग्रंथी वाचवायची, असा हा पेच आहे. लालाग्रंथी किरणांना फार लवकर बळी पडते. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लाळ कमी होऊन चिकट होते. मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की ती पुढे भरून येत नाही.

ही मर्यादा साधारण किती, याचे एक बहुमान्य उत्तर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दिले. कानापुढील ग्रंथीला मिळणारी सरासरी मात्रा 26 ग्रेच्या आत राहिली, तर ती काही काळाने सावरते. वर गेली, तर बहुधा नाही. ग्रे हे किरणमात्रेचे माप. घशाच्या गाठीला रोज 2 ग्रे याप्रमाणे पस्तीस दिवसांत 70 ग्रे द्यावे लागतात. म्हणजे गाठीला सत्तर आणि तिच्यापासून काही सेंटिमीटरांवरच्या ग्रंथीला सव्वीसच्या आत. जुन्या पद्धतीत, दोन्ही बाजूंनी किरणांचे रुंद चौकोनी झोत सोडले जात, तेव्हा हे अशक्यच होते. घसा बरा होई, आणि माणूस पाण्याची बाटली घेऊन उरलेले आयुष्य काढी.

नवी पद्धत डॉक्टर 'आयएमआरटी' या अक्षरांनी ओळखतात. मराठीत तिला तीव्रता-नियंत्रित किरणोपचार म्हणता येईल. यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या कित्येक बारीक पट्ट्या असतात. त्या पुढेमागे सरकून प्रत्येक कोनातून झोताचा आकार आणि जोर बदलतात. सर्व कोनांची बेरीज गाठीवर पूर्ण पडते आणि ग्रंथीपाशी ती घसरते. वेरूळच्या वाचकास हे चटकन पटावे. छोट्या कैलासापासून इंद्रसभेपर्यंतच्या लेण्यांत शिल्पींनी नको तो कातळ काढला आणि हवी ती मूर्ती ठेवली. चुकून पडलेली छिन्नी त्यांनाही मागे घेता येत नव्हती.

ही पद्धत केवळ कागदावर चांगली की रुग्णालाही तिचा लाभ होतो, याची कसोटी महाराष्ट्रातच लागली आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत 2005 ते 2008 या काळात घसा व स्वरयंत्राच्या कर्करोगाचे साठ रुग्ण चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. अठ्ठावीस जणांना तोवरची त्रिमितीय पद्धत, बत्तीस जणांना नवी. पहिल्या गटात अठ्ठावीसपैकी पंचवीस जणांना उपचारकाळात लालाग्रंथींचा मध्यम वा त्याहून अधिक त्रास झाला. नव्या पद्धतीच्या गटात बत्तीसपैकी एकोणीस जणांना. टक्केवारीत 89 विरुद्ध 59. उपचारानंतरच्या काळातही नव्या पद्धतीच्या रुग्णांची लाळ हळूहळू परत येत गेली. आणि व्यापाऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न, 'यात रोगावरचा मारा कमी पडला का?', त्याचेही उत्तर मिळाले: तीन वर्षांनंतर रोगनियंत्रणात व आयुर्मानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ब्रिटनमधील 94 रुग्णांच्या चाचणीचा निकालही आला होता. उपचारानंतर एका वर्षाने त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत 74 टक्के रुग्णांना, नव्या पद्धतीत 38 टक्के रुग्णांना.

या आकड्यांचा दुसरा अर्थही सांगितला पाहिजे. नव्या पद्धतीनेही खारघरला निम्म्याहून अधिक रुग्णांचे तोंड उपचारकाळात कोरडे पडलेच. गाठ ग्रंथीला चिकटूनच असेल, तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर ग्रंथी वाचविण्यासाठी गाठीची मात्रा कमी करणार नाही, आणि नातेवाइकांनी तसा आग्रहही धरू नये. गालाच्या आतील कर्करोगात पुष्कळदा आधी शस्त्रक्रिया होते, तीत मानेच्या गाठींसोबत त्या बाजूची जबड्याखालची लालाग्रंथीही काढली जाते. मग उरलेल्यांचे मोल आणखी वाढते. रोग एकाच बाजूस पुरता मर्यादित असल्यास दुसऱ्या बाजूला किरण न देण्याचा पर्याय काही रुग्णांत असतो. कॅनडातील एडमंटन येथे सीकाली व झा या डॉक्टरांनी जबड्याखालची ग्रंथी शस्त्रक्रियेने हनुवटीखाली, किरणांच्या वाटेबाहेर, सरकविण्याची युक्ती काढली. ॲमिफॉस्टिन नावाचे इंजेक्शन किरणांपूर्वी देऊन ग्रंथी राखण्याचाही प्रयत्न झाला. मळमळ व रक्तदाब उतरणे यांमुळे ते फारसे रुळले नाही.

मराठवाड्यातील रुग्णाला पूर्वी मुंबई किंवा बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय गाठावे लागे. संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या जुलैत राज्यात गुटखाबंदी लागू झाली, हा निव्वळ योगायोग. बंदीनंतरही सुपारीच्या पुड्यांच्या माळा कोणकोणत्या दुकानांच्या दारात लटकत राहिल्या, हे ज्याने त्याने आठवावे. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे मत 2004 सालीच प्रसिद्ध झालेले आहे. जैन आहारविचारात सुपारी 'स्वादिम' म्हणून मोजली जाते, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही.

किरणोपचाराची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. कोबाल्टचे यंत्र, ज्याचा भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेला 'भाभाट्रॉन' हा देशी अवतार अनेक रुग्णालयांत आहे. आणि विजेवर चालणारे रेषीय प्रवेगक, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील 'लिनॅक'. पहिले स्वस्त, टिकाऊ आणि अनेक रुग्णांसाठी पुरेसे. तथापि वर सांगितलेले कोरीव काम सामान्यतः दुसऱ्यावर होते. म्हणून रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज घेताना केवळ एकूण रक्कम न पाहता यंत्र कोणते व पद्धत कोणती, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. पुढे विमा कंपनीशी पत्रव्यवहार करताना हाच कागद कामास येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे किरणोपचार समाविष्ट आहेत, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही आता तिच्या कक्षेत येते. 'सरकारी योजना आपल्यासाठी नव्हे' अशा संकोचाने अनेक सुस्थित कुटुंबे विचारणाच करीत नाहीत, आणि मग दुकानाचे भांडवल मोडतात.

डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न साधा आहे: कानापुढील ग्रंथींना सरासरी किती मात्रा जाणार आहे? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. उपचारापूर्वी चेहऱ्याचा व मानेचा जाळीदार मुखवटा तयार होतो, तो घालून सीटी स्कॅन काढला जातो; मग डॉक्टर त्यावर गाठ व ग्रंथी रेखाटतात, भौतिकशास्त्रज्ञ झोतांची आखणी करतात. या कामास काही दिवस लागतात, आणि शेवटी प्रत्येक अवयवाच्या मात्रेचा तक्ता तयार असतो. विचारले तर उत्तर तक्त्यात आहे. आखणीला लागणारे ते दिवस नातेवाइकांना उगाच गेलेले वाटतात. 'रोग थांबत नाही, लवकर सुरू करा' असा तगादा लागतो. लाळेचे भवितव्य मात्र त्याच दिवसांत ठरते.

आता जैन घरापुरता जो भाग आहे, तो. किरणोपचार ऐन चातुर्मासात आले, तर रुग्ण पर्युषणात निदान एक उपवास, जमल्यास अठ्ठाई, असा विचार करतो. आजारात धर्माचा आधार अधिक हवासा वाटतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु येथे एक यांत्रिक अडचण आहे, जी घरात कोणाला ठाऊक नसते. मुखवटा आणि आखणी ही पहिल्या दिवशीच्या चेहऱ्यावर बेतलेली असतात. वजन उतरले की मान बारीक होते, मुखवटा सैल पडतो. कानापुढील ग्रंथी उपचारात तशाही आकसतात आणि आतल्या बाजूला, म्हणजे गाठीच्या दिशेने, सरकतात. पहिल्या दिवशी 26 ग्रेच्या आत बसविलेली ग्रंथी अशा रीतीने चौथ्या-पाचव्या आठवड्यात जास्त मात्रेच्या पट्ट्यात जाऊ शकते. डॉक्टर अशा वेळी पुन्हा स्कॅन काढून आखणी दुरुस्त करतात. पण वजन टिकवणे रुग्णाच्या व स्वयंपाकघराच्या हाती असते. म्हणून या सात आठवड्यांत पोटभर खाणे हा लाळ राखण्याच्या उपचाराचाच भाग ठरतो. आयंबिलचे रूक्ष अन्न तर या काळात गिळताच येत नाही. मुगाच्या डाळीचे पातळ कढण, तूप घातलेला मऊ भात, दुधातला शिरा, दुधीची पातळ भाजी यांवर दिवस काढता येतात, आणि यातला एकही पदार्थ जैन स्वयंपाकघराला परका नाही. मध्येच दोन-चार दिवस खंड पाडणेही टाळावे, मग निमित्त भाचीच्या लग्नाचे असो वा पारण्याचे. खंडाने रोगाला उसंत मिळते.

दुसरा प्रश्न रात्रीचा. चौविहार पाळणाऱ्या माणसाला सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य. जबड्याखालच्या ग्रंथी मंदावल्या की रात्री दोनला जीभ टाळूला चिकटून जाग येते, बोलता येत नाही, आणि उशाशी पाणी असूनही नियम आडवा येतो. अशा वेळी अनेक वृद्ध काही न बोलता सोसत राहतात, आणि घरच्यांना ते कळतही नाही. परंपरेत याची सोय आधीच आहे. चार आहारांचा त्याग तो चौविहार. पाण्याची मोकळीक ठेवून तीन आहारांचा त्याग तो तिविहार. पाणी व औषधी चालणारा दुविहार. पच्चक्खाणाला आगार असतात, आणि तीव्र रोगात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीच एकदा महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना भेटून, वैद्यकीय स्थिती नीट सांगून, सात आठवडे व पुढचे काही महिने कोणता नियम धरावा हे ठरवून घ्यावे. पाचव्या आठवड्यात, घसा सोलवटलेला असताना, असे निर्णय शांतपणे होत नाहीत. मुलाने किंवा सूनबाईंनी परस्पर 'आता हे सोडा, बाबूजी' म्हणण्यापेक्षा, गुरूंच्या तोंडून आलेली सवलत वृद्धाच्या मनाला लागत नाही.

औषधांतही पाहून घेण्याजोगे आहे. तोंडातील व्रणांसाठी रुग्णालयात सर्रास मध सांगितला जातो. जैनाला तो वर्ज्य, हे स्पष्ट सांगावे. मधावाचून काही अडत नाही. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा खळखळून चुळा भरणे हा साधा आणि टिकलेला उपाय आहे, आणि उकळलेले पाणी जैन घरात असतेच. कृत्रिम लाळेचे फवारे मिळतात. त्यांपैकी परदेशी बनावटीच्या काहींत डुकराच्या जठरातून काढलेले म्युसिन असते. वनस्पतींच्या तंतूपासून केलेल्या सेल्युलोजचे फवारेही मिळतात. बाटलीवरचे घटक वाचावेत, औषधविक्रेत्याला विचारावे. पायलोकार्पिनच्या गोळ्या उरलेल्या ग्रंथींना चेतवितात. मूळ द्रव्य दक्षिण अमेरिकेतील एका झुडपाच्या पानांतील. घाम फार येतो, दमेकऱ्यांस त्या जपून, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोत.

दातांचे काम मात्र सर्वांत आधीचे, आणि तेच हमखास राहून जाते. लाळ कमी झाली की दात मुळापाशी झपाट्याने किडतात, आणि किरण लागलेल्या जबड्यातील दात नंतर काढल्यास जखम न भरण्याचा धोका असतो. हाड मरून बाहेर पडू शकते. म्हणून काढण्याजोगे दात किरणोपचार सुरू होण्यापूर्वी निदान दोन आठवडे काढून घ्यावे लागतात, म्हणजे हिरडी भरून येते. ज्या दिवशी किरणोपचार ठरला, त्याच दिवशी दंतवैद्याची वेळ घ्यावी. बहुतेक आरोग्यविम्यात दातांचा खर्च बसत नाही. तो खिशातून जाईल असे धरून चालावे. फ्लोराइडचे मलम पुढे वर्षानुवर्षे लावावे लागते, आणि साखरेच्या गोळ्या चघळून तोंड ओले ठेवण्याचा मोह टाळावा लागतो.

ग्रंथी मर्यादेत राहिल्या असतील, तर सहा महिन्यांनंतर, कधी वर्ष-दीड वर्षाने, लाळ परतू लागते. आधी जेवताना, मग एरवीही. चव तिच्याआधी थोडी थोडी येते.  वेरूळच्या त्या दुकानदाराच्या घरी एखाद्या सकाळी डब्यातून पुन्हा खाकरा निघेल, तेव्हा तो बहुधा ताकात बुडवूनच खावा लागेल. गव्हाचा असल्यास द्विदलाचाही प्रश्न नाही.